उतार, ओला रस्ता आणि ब्रेकची मर्यादा

मुंबई-बंगळुरू महामार्ग नवीन कात्रज बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडला की दरी पूल आणि नऱ्हे ओलांडून नवले पुलापर्यंत उतरतच जातो, आणि साताऱ्याकडून आलेल्या अवजड वाहनाने ऐन वेग घेतलेला असतो तिथेच त्याची गाठ शहरातल्या दुचाक्या, रिक्षा व बसगाड्यांशी पडते. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री अशाच एका वाहनाने येथे डझनावारी वाहनांना ठोकरले, तेव्हा आधी बोलबाला झाला तो ‘ब्रेक फेल’चा, पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिनच बंद केल्याचे पुढे आले.

डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची किंवा इंजिन बंद करण्याची ही सवय जुनी आहे. 40 टनांचे वाहन 100 मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णतेत बदलली तर सुमारे 115 लिटर पाणी उकळीला येईल. गाडी गिअरमध्ये असेल तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनाच्या विरोधात खर्च होतो, आणि यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. न्यूट्रलमध्ये तो सारा भार ब्रेकच्या लायनरवर पडतो, लायनर तापून त्याची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. त्यातून इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, त्यामुळे पेडलच्या प्रत्येक दाबासरशी टाकीतला दाब घटतो आणि स्टिअरिंगही जड होते. बचतीचा हिशेबही फसवाच, कारण इलेक्ट्रॉनिक इंधन नियंत्रण असलेल्या वाहनात गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनपुरवठा आपोआप तुटतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच इंधन जळते. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक म्हणूनच आजही खरा आहे, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकायचा असतो.

पावसाळ्यात ब्रेकच्या मर्यादेचे हे गणित मोटारी आणि दुचाक्यांनाही लागू पडते. ताशी 60 किलोमीटर वेगात वाहन सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सरलेलेच असते. त्यापुढे कोरड्या डांबरावर साधारण 20 मीटर लागत असतील, तर ओल्या रस्त्यावर 35 मीटरही अपुरे पडू शकतात. जूनच्या पहिल्या सरी मुसळधार पावसापेक्षा दगाबाज, कारण उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ धुऊन जाण्याआधी त्यांचा निसरडा थर बनतो, आणि झेब्रा पट्टे व ड्रेनेजची लोखंडी झाकणे यांवर दुचाकीचे चाक सर्वांत आधी घसरते. पाणी साचलेल्या जागी वेग जास्त असला, तर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि रस्त्याचा स्पर्श सोडून पाण्यावरच तरंगतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर हळूच सोडून स्टिअरिंग सरळ धरावे, ब्रेक करकचून दाबू नये.

ताम्हिणी किंवा बोरघाटातल्या धुक्यात प्रखर दिवे निरुपयोगी ठरतात, कारण त्यांचा प्रकाश पाण्याच्या कणांवरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. डिपर आणि फॉग लॅम्पचा प्रकाश खाली पडतो, म्हणून ते कामी येतात. धावत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची पुणेकरांची आवडती रीत मात्र घातक आहे, कारण त्यामुळे गाडी वळणार की थांबलेली आहे, हे मागच्या चालकाला कळेनासे होते.