डहाणूचा किनारा, जव्हारचा घाट आणि इटलीतला स्टेल्व्हियो: सायकल शर्यतीत ‘डोंगराचा टप्पा’ एवढा महत्त्वाचा का असतो?

दरवर्षी मे महिन्यात मोबाईलवर एक दृश्य हमखास फिरतं. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधून सापासारखा वळत जाणारा रस्ता आणि त्यावर दमछाक होत असलेले सायकलस्वार. ही असते ‘जिरो दि इटालिया’, म्हणजे इटलीची तीन आठवडे चालणारी सायकल शर्यत. १९०९ साली ती पहिल्यांदा झाली. सुमारे ३,४०० किलोमीटरच्या या शर्यतीचा निकाल अनेकदा एखाद्या दुपारी, एकाच डोंगरावर लागतो.

असं का होतं? पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरीचे रस्ते डोळ्यांसमोर आणले, तर उत्तर सोपं आहे.

टप्पा म्हणजे काय?

जिरोमध्ये साधारण २१ टप्पे असतात. रोज एका गावातून सुटायचं आणि दुसऱ्या गावात पोहोचायचं. प्रत्येक टप्प्याला लागलेल्या वेळेची बेरीज होते. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो गुलाबी जर्सी घालतो. गुलाबीच का? तर ही शर्यत सुरू करणारं ‘गॅझेट्टा देल्लो स्पोर्ट’ हे वर्तमानपत्र गुलाबी कागदावर छापलं जातं. ही जर्सी १९३१ पासून दिली जाते.

टप्पे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात: सपाट, डोंगराळ आणि घड्याळाविरुद्धचे. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक जण एकटा धावतो. खरी गंमत पहिल्या दोघांतल्या फरकात आहे.

सपाट रस्ता: डहाणू ते बोर्डी

डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा रस्ता समुद्राला धरून जातो. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. चढ जवळजवळ नाहीच. अशा रस्त्यावर सायकलस्वाराची लढाई असते ती वाऱ्याशी.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पण तो दुसऱ्याच्या मागे चिकटून चालला, तर त्याचे साधारण एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून सपाट टप्प्यात दीडशे जणांचा घोळका एकत्र धावतो. एकट्याने पुढे पळालेल्याला घोळका बहुधा शेवटी गाठतोच. सगळे एकत्र पोहोचले, की सगळ्यांना एकच वेळ दिली जाते. टप्पा कुणीतरी जिंकतो, पण एकूण क्रमवारी फारशी हलत नाही.

चढ लागला की हिशेब बदलतो

डहाणूहून पूर्वेला निघालं, की महामार्गावर चारोटी लागते. महालक्ष्मीचा सुळका इथून नजरेत भरतो. पुढे कासा ओलांडून रस्ता जव्हारकडे चढू लागतो. डहाणू समुद्रसपाटीला, तर जव्हार जवळपास ४५० मीटर उंचीवर. तलासरी या दोन्हींच्या मधलं: महामार्गावरचं, गुजरातच्या सीमेलगतचं, डोंगराच्या पायथ्याचं गाव.

चढावर वेग ताशी १५-२० किलोमीटरवर येतो. एवढ्या कमी वेगात हवेचा अडथळा फार उरत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाने चालण्याचा फायदाही घटतो. आता लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते. आपलं आणि सायकलचं वजन ज्याचं त्यालाच वर न्यावं लागतं. सायकल फार हलकी करून चालत नाही, कारण आंतरराष्ट्रीय नियमानुसार तिचं वजन किमान ६.८ किलो असावं लागतं. म्हणजे उरतो तो स्वाराचा दम. वजनाच्या मानाने ज्याची ताकद जास्त, तो पुढे जातो आणि घोळका फुटतो. इथे सेकंदांचे नाही, मिनिटांचे फरक पडतात.

चढाचं मापही सोपं आहे. ‘७ टक्के चढ’ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ७ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण असा चढ सलग २० किलोमीटर असेल, तर माणूस १,४०० मीटर उंच चढलेला असतो. म्हणजे जव्हारची उंची तीनदा.

बोल्झानो ते बोर्मियो, १ जून १९५३

डोंगराच्या टप्प्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे १९५३ च्या जिरोचा उपांत्य टप्पा. बोल्झानो ते बोर्मियो, अंतर १२५ किलोमीटर.

बोल्झानो हे उत्तर इटलीतलं शहर. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाकडे होतं. आजही तिथे इटालियन आणि जर्मन या दोन्ही भाषा चालतात. तिथून रस्ता सफरचंदांच्या बागांनी भरलेल्या दरीतून जातो. घोलवडला जसा चिकू, तसं इथे सफरचंद. दरीच्या टोकाला प्रातो नावाचं गाव आहे आणि तिथून सुरू होतो स्टेल्व्हियोचा घाट. सुमारे २४ किलोमीटरचा चढ, ४८ नागमोडी वळणं आणि माथा २,७५८ मीटरवर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे. म्हणजे हा रस्ता कळसूबाईच्याही अकराशे मीटर वर जातो. पलीकडे उतरलं, की गरम पाण्याच्या झऱ्यांचं बोर्मियो.

त्या दिवशी गुलाबी जर्सी स्वित्झर्लंडच्या ह्युगो कोबलेटकडे होती. इटलीचा फाउस्तो कोप्पी १ मिनिट ५९ सेकंदांनी मागे होता. वय ३३. शर्यत संपायला दोनच दिवस उरले होते आणि शेवटचा टप्पा मिलानपर्यंतचा. जिरो याआधी स्टेल्व्हियोवर कधी गेलीच नव्हती. त्या चढावर कोप्पी सुटला, एकटाच माथ्यावर पोहोचला, बोर्मियोत पहिला आला आणि जर्सी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पाचव्यांदा जिरो जिंकली. अंतिम फरक होता फक्त १ मिनिट २९ सेकंद. तीन आठवड्यांचा निकाल एका घाटाने फिरवला होता.

१९६५ पासून जिरोतल्या सर्वांत उंच माथ्याला ‘चिमा कोप्पी’, म्हणजे ‘कोप्पीचं शिखर’ म्हणतात. चढांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला वेगळी निळी जर्सी मिळते. मराठी वाचकांना ही कल्पना नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोली ते खंडाळा हा बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तिथला चढ पाचेकशे मीटरचा, पण तत्त्व तेच.

हे रस्ते सायकलसाठी बांधलेले नाहीत

स्टेल्व्हियोचा रस्ता १८२० ते १८२५ दरम्यान ऑस्ट्रियन साम्राज्याने बांधला. अभियंता होता कार्लो दोनेगानी. ताब्यातल्या लोम्बार्डीशी थेट दळणवळण हवं, हा हेतू. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली इंग्रजांनी खुला केला. मुंबई बंदर आणि पुण्याची लष्करी छावणी जोडणं, हा हेतू. घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे आणि त्याचं मंदिर आजही जुन्या रस्त्यावर आहे.

नागमोडी वळणांचं कारणही यातच आहे. घोडे आणि बैल जेवढा चढ ओढू शकतील, तेवढाच ठेवण्यासाठी रस्ता डोंगरावर आडवा फिरवत न्यावा लागला. ज्या वळणांचे व्हिडिओ आज व्हायरल होतात, ती मुळात ओझं ओढणाऱ्या जनावरांच्या सोयीची आहेत.

चढापेक्षा उतार धोक्याचा

शर्यत चढावर जिंकली जाते, पण जीव जातो उतारावर. ९ मे २०११ रोजी जिरोच्या तिसऱ्या टप्प्यात बोक्को घाट उतरताना बेल्जियमचा वाउटर वेलांड्ट पडला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याचा १०८ हा क्रमांक जिरोने पुन्हा कुणाला दिला नाही.

म्हणूनच अशा शर्यतीआधी रस्त्याचे खड्डे बुजवले जातात, वाहतूक थांबवली जाते, धोकादायक कठड्यांना गाद्या बांधल्या जातात आणि ताफ्यासोबत डॉक्टर व रुग्णवाहिका धावतात.

गावांना काय मिळतं?

इटलीतली गावं टप्प्याची सुरुवात किंवा शेवट आपल्याकडे व्हावा म्हणून आयोजकांना पैसे मोजतात. त्या बदल्यात हेलिकॉप्टरमधून टिपलेली त्यांची दरी, चर्च आणि बागा जगभर दिसतात आणि पाठोपाठ पर्यटक येतात. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ने हेच पुणे जिल्ह्यात करून पाहिलं. आंतरराष्ट्रीय दर्जाची ही शर्यत ४३७ किलोमीटरची होती आणि घाट व ग्रामीण भागातून गेली.

भूगोल म्हणाल, तर डहाणू-तलासरीही मागे नाही. किनारा, भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिकूच्या वाड्या, वारली पाडे आणि मुकणे राजांच्या जव्हारकडे चढणारा रस्ता हे सगळं एका दिवसाच्या टप्प्यात मावतं. अडचण आहे ती रस्त्यांची. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळच ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला होता. आतल्या भागात तर पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून रुग्णाला डोलीतून न्यावं लागल्याच्या बातम्या येत राहतात.

शर्यतीला जे लागतं, तेच इथल्या माणसाला रोज लागतं: बिनखड्ड्याचा रस्ता, वळणावर कठडा आणि वेळेत पोहोचणारी रुग्णवाहिका. स्टेल्व्हियोवर रस्ता आधी झाला, शर्यत सव्वाशे वर्षांनी आली. डहाणू-तलासरीच्या डोंगरातही क्रम तोच असावा लागेल.