धनुर्मासाची खिचडी आणि शेजारचा नाताळ

महिन्यांमध्ये मार्गशीर्ष तो आपण, असे भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. अमरकोशात या महिन्यास आग्रहायणिक असेही नाव दिले आहे. त्या नावावरून पूर्वी वर्षारंभ येथेच होत असे काय, याचा खल लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘ओरायन’ ग्रंथात केला. कीर्तनाच्या पूर्वरंगात हा विषय आम्ही पुष्कळ वेळा रंगविला आहे. परंतु आज आम्हांस लिहावयाचे आहे ते मुगाच्या खिचडीविषयी, आणि ती खाण्याच्या चार दिवस आधी बोरिवलीस आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादाविषयी.

आम्ही कृष्णाकाठच्या वाईचे. गृहिणी निवर्तल्यापासून मार्गशीर्षात आम्ही घरी राहत नाही. कोठले ना कोठले बोलावणे स्वीकारून बाहेर पडतो. सन २०२४ साली बोरिवलीच्या एका दत्तमंदिरात दत्तनवरात्राची कीर्तने ठरली आणि मुक्काम कन्येच्या घरी पडला. त्या वर्षीचा योग मोठा गमतीचा होता. १ डिसेंबरला रविवारी कार्तिकी अमावास्या संपली आणि २ तारखेस मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा आली. ख्रिस्ती मंडळींचा आगमनकाळ, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा प्रतीक्षेचा काळ, त्याच १ डिसेंबरला सुरू झाला. ७ तारखेस चंपाषष्ठी, ११ तारखेस गीताजयंती, १४ तारखेस दत्तजयंती, १६ पासून धनुर्मास, २५ तारखेस नाताळ आणि लगेच २६ तारखेस महालक्ष्मीव्रताचा चौथा व शेवटचा गुरुवार. पंचांग आणि भिंतीवरचे इंग्रजी कॅलेंडर यांनी जणू आपसांत बोलून ठेवले होते.

उपनगरांविषयी आमचे मत, खरे सांगावयाचे तर, फारसे चांगले नव्हते. अंधेरीस काय, घाटकोपर-मुलुंडास काय, कीर्तनास गेलो की श्रोते अर्धा तास उशिरा येत, मांडीशी भाजीच्या पिशव्या ठेवून बसत आणि आरतीनंतर प्रसादाच्या द्रोणाकडे डोळे लावीत. अशा श्रोत्यांस आम्ही व्यासपीठावरून दोन शब्द सुनावीतही असू. जिव्हालौल्य हा आमचा ठरलेला विषय. जिभेवर ज्याचा ताबा नाही त्याने हरिनामाची गोडी कशी जाणावी, असा प्रश्न विचारून आम्ही झांजा थांबवीत असू, आणि मंडळी माना खाली घालीत.

कन्या राहते तो भाग मंडपेश्वराजवळचा. मंडपेश्वराची लेणी शैव. सकाळी फिरावयास जाऊन आम्ही तेथील नृत्यमग्न शिवाची भग्न मूर्ती पाहत बसत असू. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले आणि वर मठ उभारला. त्याचे अवशेष अद्याप लेण्याच्या माथ्यावर आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि या मुलखातली पोर्तुगीज सत्ता संपली. या इतिहासात दुःख आहे, ते झाकण्याचे कारण नाही. परंतु आज जवळच्याच चर्चच्या नावावरून आय. सी. कॉलनी ओळखली जाते, आणि आसपासच्या जुन्या गावठाणांत जी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांपैकी पुष्कळांची घरची भाषा मराठीच आहे. त्यांस ईस्ट इंडियन म्हणतात. इंग्रजी अमलात, १८८७ साली, त्यांच्या पुढाऱ्यांनी आपल्या समाजाच्या संस्थेसाठी हे नाव घेतले. माणसे मात्र येथलीच, साष्टी-वसईची.

कन्येच्या शेजारी अशाच एका घरातील वृद्ध बाई राहतात. आमची नातवंडे त्यांस आजी म्हणतात. त्यांच्या मराठीचे हेल आमच्या घाटावरच्या कानांस प्रथम परके वाटले. दोन दिवसांत सवय झाली. दिवाळीत कन्येच्या सज्ज्यात टांगलेला आकाशकंदील अद्याप उतरविला नव्हता, आणि शेजारच्या सज्ज्यात आजींचा नातू कामट्यांना पतंगी कागद डकवून पाच टोकांची चांदणी करीत होता. कागद ताणावा कसा आणि खळ किती पातळ असावी, हे आमचा नातू त्यास मोठ्या अधिकाराने सांगत होता, कारण कंदील त्याने स्वतः केला होता.

भिंतीपलीकडून संध्याकाळी तळणाचा वास येई. त्यांच्याकडे नाताळापूर्वी करावयाचे जे पदार्थ, त्यांतील नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. कलकल नावाचा दुसरा एक प्रकार आहे. गोड पिठाची सुपारीएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या पाठीवर दाबून वळतात, म्हणजे तिला शिंपलीसारख्या रेघा उमटतात. मग ती तळून साखरेच्या पाकात घोळतात. हे काम एकट्याचे नव्हे. सायंकाळी कामावरून आलेली सून, शाळेतून आलेली मुले आणि शेजारच्या दोघी अशा सर्व मंडळींनी परातीभोवती बसावयाचे. आमची नात तेथे जाऊन बसे. रवा आणि नारळ घालून केलेला थाळीतला गोड पदार्थ पूर्वी खाली-वर निखारे ठेवून भाजीत, असे आजी सांगत. आमच्या मातोश्री नानकटाई अशाच रीतीने भाजीत असत, हे आम्हांस तेव्हा आठवले. बोललो मात्र नाही.

आता प्रमादाची हकीकत. १२ तारखेचा गुरुवार. कन्या चर्चगेटच्या कचेरीतून त्या दिवशी लवकर आली होती. येताना स्टेशनाबाहेरून पाच फळे, आंब्याचा डहाळा आणि शेवंतीची वेणी तिने आणली होती. ही बोरिवली स्टेशनाबाहेरची गुरुवारची गर्दी पाहण्यासारखी असते. लोकलमधून उतरलेल्या बायका एका खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात डबा सांभाळीत पाच प्रकारची पाने निवडून घेतात आणि फूलवाल्याशी एका रुपयासाठी हुज्जत घालतात. घट मांडलेला होता, पूजा चालू होती, आणि आम्ही दाराशी खुर्चीत बसून रात्रीच्या आख्यानाची टिपणे पाहत होतो. दार वाजले. पाहतो तो आजी, हातात कागदाने झाकलेली बशी. “पूजा चालू आहे, नंतर या,” असे आम्ही म्हटले. आवाज उंच नव्हता. परंतु वाचकहो, शब्दांपेक्षा दार किती उघडले आहे यावरून माणसास कळावयाचे ते कळते. आम्ही ते वीतभरच उघडले होते. आजी काही न बोलता वळल्या.

आत नातीने पोथी वाचावयास घेतली. या व्रताची कथा आमच्या भगिनींस तोंडपाठ आहे. भद्रश्रवा राजाची राणी सुरतचंद्रिका ऐश्वर्याने उन्मत्त झाली. लक्ष्मी वृद्धेचे रूप घेऊन तिच्या दाराशी आली, तेव्हा राणीने तिला हाकलून दिले. राणीची कन्या शामबाला हिने मात्र तिला मान दिला आणि तिच्याकडून व्रत घेतले. नात वाचीत होती आणि आमच्या हातातील टिपणे तशीच राहिली. ही कथा आम्ही शेकडो वेळा ऐकली असेल. आपण तिच्यात कोठे उभे आहोत, हे पाहण्याची वेळ पूर्वी आली नव्हती.

दार वाजलेले कन्येने ऐकले होते. आरती होताच ती पाटावरून उठली आणि शेजारी जाऊन आजींस हाताला धरून घेऊन आली. आम्हांस ती काही बोलली नाही. आजींनी बशीवरचा कागद काढला. “अंडं नाही घातलेलं,” त्या कन्येस म्हणाल्या, “तुमचा गुरुवार आहे म्हणून पहिला घाणा वेगळा काढला.” मग आमच्याकडे वळून: “बुवा, नुसतं बशीत ठेवू नका. खा आणि कसं झालंय ते सांगा.”

आम्ही मधुमेही. वैद्यांनी साखर तोडली आहे. तरी एक कलकल तोंडात टाकला; खुसखुशीत होता, नारळाच्या रसाचा वास येत होता. आम्ही मान हलविली. एवढ्याने त्यांचे समाधान होईना. “कसं झालंय?” त्यांनी पुन्हा विचारले, आणि उत्तर मिळेपर्यंत उभ्या राहिल्या. “चांगले झाले आहे,” आम्ही म्हणालो. चाळीस वर्षांत कोणाच्या पदार्थाविषयी आमच्या तोंडून निघालेले हे बहुधा पहिले वाक्य असावे.

असे का, ते सांगितले पाहिजे. पानातल्या अन्नाला नावे ठेवू नयेत, ही आपल्या घरांतील जुनी शिस्त. आम्ही तिच्यात आपल्या पदरची भर घातली होती: अन्नाची वाखाणणीही करू नये, कारण तेही लौल्यच. आमची गृहिणी धनुर्मासात पहाटे चारला उठे. वाईस त्या दिवसांत कृष्णेवरून येणारा गारठा हाडांत शिरतो. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि लोण्याचा गोळा असा नैवेद्य सूर्योदयापूर्वी तयार असे. आम्ही जेवीत असू आणि उठत असू. तिने कधी विचारले नाही, कारण विचारावयाचे नसते हे तिला ठाऊक होते. आम्ही कधी सांगितले नाही.

त्या रात्री कीर्तनात आम्ही जिव्हालौल्याचा विषय घेतला नाही. परत आल्यावर झोप लागेना, म्हणून तैत्तिरीयोपनिषद काढले. भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्नाचा अव्हेर करू नये, घरी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, अशी व्रते सांगितली आहेत. स्तुती करू नये, असे कोठेही नाही. उलट ती वल्ली संपते तेथे ज्ञानी पुरुष, आपण अन्न आहोत आणि आपण अन्नाचे भोक्ते आहोत, असे आश्चर्याने गात गात लोकालोकांतून संचार करतो. हे उपनिषद आम्ही विद्यार्थ्यांस शिकविले आहे. शिकविताना ही तीन वाक्ये एका श्वासात ओलांडून पुढे गेलो असणार.

दत्तजयंती झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आगमनकाळात चर्चमध्ये धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात, उपासनेतील आनंदाचे स्तोत्र नाताळापर्यंत वगळतात आणि दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवीत नेतात. तिसऱ्या रविवारी मात्र जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लावतात, कारण प्रतीक्षेच्या मध्यावर थोडा आनंद करावयाचा असतो. हे आम्हांस आजींच्या नातवाने सांगितले. आपल्याकडे चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे अनेक घरांत चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत होऊन पुन्हा ताटात येते, त्याचे आम्ही त्यास सांगितले. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या पाद्रीने ओवी छंदात मराठी क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले, हेही त्यास सांगितले. पुराण सांगणारा कोणीही असो, ओवीवाचून मराठी माणसाच्या गळी ते उतरत नाही, हे त्या पाद्रीने बरोबर ओळखले होते.

त्याच रात्री सूर्य धनुराशीत गेला आणि सोमवारी धनुर्मास सुरू झाला. कन्येने आदल्या रात्रीच डाळ-तांदूळ निवडून ठेवलेले आम्ही पाहिले होते. तिची शंका वेगळीच होती. “अण्णा, मला साडेसहाची गाडी गाठायची असते. सूर्योदय सातनंतर. मग माझा नैवेद्य धरला जाईल का?” अरुणोदयकाळ सूर्योदयापूर्वी चार घटिका, म्हणजे शहाण्णव मिनिटे. त्या दिवशी मुंबईचा सूर्योदय सात वाजून तीन मिनिटांच्या सुमारास. तेव्हा अरुणोदय साडेपाचच्या आत लागतो. “साडेपाचला नैवेद्य दाखव आणि खुशाल जेव,” आम्ही सांगितले. वाग्भटानेही अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत म्हटलेच आहे की, हेमंतात रात्री मोठ्या, म्हणून माणसास सकाळीच भूक लागते आणि जठराग्नीही प्रबळ असतो. बोरिवलीची गाडी चुकू नये हे त्याने लिहिलेले नाही, पण त्यास विरोधही केलेला नाही. आमचे तमिळ बांधव याच महिन्यात पहाटे आंडाळची तिरुप्पावै म्हणतात आणि मूग-तांदळाचाच पोंगल प्रसाद म्हणून वाटतात. माटुंगा-मुलुंडच्या त्यांच्या देवळांत तो आम्ही घेतलेला आहे.

पहाटे स्वयंपाकघरात दिवा लागला. राष्ट्रीय उद्यानाकडून गार वारा येत होता, एवढा की शाल घ्यावी लागली. गॅसवर खिचडी, शेजारच्या शेगडीवर वांगे भाजले जात होते; त्याच्या सालीचा करपट वास खोलीभर झाला होता. बाजरीचे पीठ थापताना कन्येच्या बांगड्यांचा आवाज तिच्या आईच्या बांगड्यांसारखाच येतो. नैवेद्य झाला. मनगटावर घड्याळ बांधीत तिने आमचे पान वाढले, स्वतः उभ्याउभ्याच दोन घास घेतले आणि डबा भरू लागली.

“खिचडी फार छान झाली आहे,” आम्ही म्हणालो.

तिचा डाव हातातच राहिला. “मीठ कमी नाही ना पडलं?” तिने विचारले.

“नाही. तुझ्या आईची अशीच होत असे.”

ती पाठमोरी होऊन डब्याचे झाकण लावू लागली. ते लवकर लागेना. मग म्हणाली, “अण्णा, एका वाटीत काढून ठेवते. आजी सातला उठतात, तेवढी नेऊन द्याल?”

सातला आम्ही वाटीवर ताटली झाकली आणि शेजारचे दार वाजविले. सज्ज्यात चांदणीतला दिवा अद्याप जळत होता.