पिंपावरची दोन अक्षरे

उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी झाले की निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांना मागणी येते. जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळतात आणि घासूनपुसून पाण्यासाठी वापरली जातात. अशा पिंपाच्या अंगावर पुष्कळदा एक लहानसे वर्तुळ व त्यात ‘यू’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरे एकाखाली एक उमटविलेली आढळतात. ती पाहून माल उत्तम असल्याची खात्री वाटणे साहजिक आहे. माल उत्तम असतोही. परंतु ती खूण पाण्याकरिता नव्हे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञसमितीने धोकादायक पदार्थांच्या वाहतुकीविषयी पहिल्या शिफारशी १९५६ साली प्रसिद्ध केल्या. आज या पदार्थांचे नऊ वर्ग मानलेले आहेत. वर्तुळापुढील मजकूर एखाद्या बीजमंत्रासारखा गूढ वाटतो: ‘१एच१/वाय १.४/१५०/२४/आयएनडी’. त्याची उकल मात्र सोपी आहे. पहिला आकडा पिंपाचा, ‘एच’ हे अक्षर प्लॅस्टिकचे, नंतरचा आकडा माथा न उघडणाऱ्या बांधणीचा. ‘एक्स’ अक्षराचे पिंप अतिशय घातक मालासही चालते, ‘वाय’चे मध्यम व त्याखालील मालास, ‘झेड’चे केवळ सौम्य मालास. पुढे द्रव पाण्याच्या किती पट जड असावा, पिंपाने किती किलोपास्कल दाब सोसला, ते कोणत्या वर्षी तयार झाले व कोणत्या देशाने मान्यता दिली, हे येते.

ही अक्षरे सहजासहजी मिळत नाहीत. प्लॅस्टिकचे भरलेले पिंप उणे १८ अंशांपर्यंत गारठवून कठीण जमिनीवर आपटतात, ‘एक्स’साठी १.८ मीटरवरून, ‘वाय’साठी १.२ व ‘झेड’साठी ०.८ मीटरवरून. द्रव फार जड असेल तर उंचीही वाढते. शिवाय ३ मीटर उंच थप्पीचा भार डोक्यावर घेऊन त्याला ४० अंश उष्णतेत २८ दिवस उभे राहावे लागते! आपल्याकडे या परीक्षा घेऊन दाखले देण्याचे काम मुंबईची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था करते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन अ‍ॅम कंपनीचे मालवाहू विमान न्यूयॉर्कहून निघाले. मालात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्याभोवती भरला होता लाकडाचा भुसा. भुसा धक्के सोसतो हे खरे. पण आम्ल गळून त्यात मुरले की तो तापून धुमसू लागतो. चालकांच्या कक्षात धूर कोंडला. बोस्टनला उतरू पाहणारे ते विमान कोसळले आणि तिघेही कर्मचारी मृत्यू पावले. वेष्टनात गफलत झाली होती.

आता पुन्हा आपल्या निळ्या पिंपाकडे वळू. वरील सर्व परीक्षा बळकटीच्या आहेत, स्वच्छतेची त्यांत एकही नाही. प्लॅस्टिक काही रसायने अंगात मुरवून घेते, आणि ती नुसत्या धुण्याने निघत नाहीत. आत पूर्वी काय होते हे विक्रेत्यास सांगता येत नसेल, तर ते पिंप पिण्याच्या पाण्यास घेऊ नये. खाद्यपदार्थांसाठी बनविलेले कोरे पिंप थोडे महाग पडते, इतकेच.