धोबी तलावचं भाड्याचं कोर्ट

मुंबईत मालक-भाडेकरूचं भांडण कोर्टाची पायरी चढलं, की ते बहुतेक वेळा धोबी तलावलाच पोचतं. लोकमान्य टिळक मार्गावरचं हे लघुवाद न्यायालय. वकील आणि पक्षकार त्याला ‘स्मॉल कॉज’ म्हणतात. त्याची एक शाखा वांद्रे पूर्वेला अनंत काणेकर मार्गावर आहे. कोर्ट चालतं १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्यावर, आणि त्या कायद्यानं दिलेला मूळ अधिकार बेताचाच आहे: दहा हजार रुपयांपर्यंतचे पैशाचे दावे. वाटणी, भागीदारी मोडणं, जागेची मालकी ठरवणं हे सगळं त्याच्या हद्दीबाहेर.

त्याला खरं वजन आलं ते भाडे कायद्यामुळे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं आणि त्याच्या जागी ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं बृहन्मुंबईतले भाड्याचे दावे याच कोर्टाकडे सोपवले. १९७६ च्या दुरुस्तीनं मालक आणि लायसन्सधारक यांच्यातले ताब्याचे दावेही इथे आले, जागेची किंमत कितीही असो. त्यामुळे चाळीतल्या खोलीचा दावा आणि एखाद्या बड्या कंपनीच्या कचेरीचा दावा एकाच बोर्डावर लागू शकतो. मालकानं जागा खाली करून मागितली तर ‘आर.ए.ई.’, भाडेकरूनं आपला हक्क जाहीर करून मागितला तर ‘आर.ए.डी.’. इथली मंडळी दावे अशा आद्याक्षरांनीच ओळखतात.

या दाव्यांत सगळ्यात जपून ठेवावा लागणारा कागद म्हणजे भाडेपावती. पावतीवर आजोबांचं नाव आणि खोलीत नातू राहतोय, हे मुंबईत घरोघरी दिसतं. मग आजोबा वारले तेव्हा त्यांच्यासोबत कुटुंबातलं कोण राहत होतं, हे शाबीत करावं लागतं. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, मतदारयादी अशी जुळवाजुळव सुरू होते. सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय वापरली नाही असा मालकाचा आरोप असेल, तर विजेची बिलं निघतात. महिन्याला दोन-चार युनिटच जळत असतील, तर तिथे बिऱ्हाड आहे हे कोर्टाला पटवणं अवघड जातं. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तर तेवढ्यानं भागत नाही. जागा दिल्यानं किंवा न दिल्यानं जास्त हाल कोणाचे होतील, हेही न्यायाधीशांना तोलावं लागतं. भाडं थकलं म्हणूनही लगेच घर जात नाही. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनं थकबाकी १५ टक्के सरळ व्याजानं भरली, पुढचं भाडं नियमित भरलं आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला बाहेर काढता येत नाही. ही सवलत अनेकांना वेळेवर कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण कित्येकांची वर्षं जातात ती त्याही आधीच्या प्रश्नात: दावा लावायचा कुठे? राहत्या घराच्या लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. मालकीचाच वाद असेल, तर नगर दिवाणी न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात. करारात लवादाचं कलम घातलं म्हणूनही या कोर्टाला वळसा घालता येत नाही. नटराज स्टुडिओ विरुद्ध नवरंग स्टुडिओ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये ते स्पष्ट केलं. चुकीच्या दारात दहा वर्षं काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची पाळी कोणावरही येऊ नये. म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी हा प्रश्न वकिलाला विचारलाच पाहिजे.

भाडे कायद्याखालच्या निकालावरचं अपीलही याच कोर्टात, दोन न्यायाधीशांपुढे चालतं. मूळ निकाल देणारा न्यायाधीश त्यात नसतो. मुदत तीस दिवसांची. त्यानंतर दुसरं अपील नाही, उच्च न्यायालयात मात्र दाद मागता येते. कागदावर ही वाट आखूड आहे. प्रत्यक्षात मूळ वादी गेल्यावर वारसांना रेकॉर्डवर आणायचे अर्ज होत राहतात, आणि घर नावावर होईल की हातचं जाईल या टांगणीत एक अख्खी पिढी म्हातारी होते. हा उशीर मला कुठल्याही निकालापेक्षा जास्त अन्यायाचा वाटतो.

महापालिकेशी या कोर्टाचा थेट संबंध आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानं दोन अधिकार इथल्या मुख्य न्यायाधीशांना दिले आहेत. मालमत्ता करासाठी धरलेलं मूल्य मान्य नसेल, तर पालिकेकडे तक्रार करून झाल्यावर अपील त्यांच्यापुढे येतं. आणि नगरसेवकाच्या निवडीला आव्हान द्यायचं असेल, तर दहा दिवसांत अर्जही त्यांच्याकडेच करावा लागतो. निवड रद्द झाली, तर मतांत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या उमेदवाराला निवडून आल्याचं जाहीर करण्याचा अधिकार त्यांना आहे. २०१७ च्या निवडणुकीनंतर जात प्रमाणपत्र अवैध ठरलेल्या काही नगरसेवकांच्या जागी दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार महापालिकेच्या सभागृहात गेले, ते याच कोर्टाच्या आदेशानं.