झेनॉनची सोयरीक

आपलं दूध जातं त्या डेअरीतल्या स्टीलच्या टाक्या, नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. असं स्टील जोडताना तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून तिथं आर्गॉन वायू सोडतात. आर्गॉन धातूशी काही संयोग करत नाही. हेलियम, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन ही त्याचीच भावंडं. पुस्तकात यांना राजवायू म्हणतात. राजेच ते, कुणाशी सोयरीक करत नाहीत!

या घराण्याचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने जमखंडीहून सूर्याच्या कडेचा उजेड तपासला. त्या ग्रहणात ठिकठिकाणी झालेल्या अशा तपासण्यांतूनच पुढे हेलियमचा माग लागला.

सोयरीक का नाही? बहुतेक अणूंमध्ये बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची रांग अपुरी असते, म्हणून ते दुसऱ्याशी देवाणघेवाण करतात. राजवायूंची रांग भरलेली. १९३३ मध्ये लायनस पॉलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने झेनॉनची संयुगं होतील असं म्हटलं होतं, पण तेव्हाचा प्रयोग फसला आणि विषय मागे पडला.

१९६२ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला नील बार्टलेट यांच्याकडे प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड हा लालभडक वायू होता, इलेक्ट्रॉनांचा भारी हावरट. त्याने चक्क ऑक्सिजनचाही इलेक्ट्रॉन ओढून घेतला. बार्टलेट यांनी आकडे पडताळले. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, जवळपास तेवढीच झेनॉनलाही लागते. झेनॉनचा अणू मोठा. पाटाच्या पाण्याचा जोर शेवटच्या सरीपर्यंत ओसरतो, तशी कडेच्या इलेक्ट्रॉनांवरची केंद्राची पकड ढिली पडते.

२३ मार्चच्या संध्याकाळी त्यांनी दोन वायूंमधला काचेचा आडोसा फोडला. लाल वायू झेनॉनला भेटताच पिवळा घन पदार्थ तयार झाला. सांगायला बाहेर गेले, तर सगळे जेवायला गेलेले!

त्याच वर्षी शिकागोजवळच्या प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लोरिन नुसते एकत्र तापवले आणि स्फटिक मिळाले. फ्लोरिन जहाल, हाताळायला धोक्याचा, हे खरं. तरी एवढी साधी कृती इतकी वर्षं राहून गेली, याचं आम्हाला नवल वाटतं. वेल्डिंगचा आर्गॉन मात्र अजून पक्काच आहे, कारण त्याचा अणू लहान आणि पकड घट्ट. झेनॉन-फ्लोरिनचं एक संयुग आता सिलिकॉनचे बारीक भाग कोरायला वापरतात.