इंजिनाची भाषा ओळखा

आपले अनेक तरुण आय.टी.आय.मधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष ओळखणारे जुने कारागीर आपण पाहिले आहेत. ते कसब आजही मोलाचेच आहे. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस.-६ मानक लागू झाले आणि नव्या ट्रक-बसचे इंजिन समजून घ्यायचे तर त्याची भाषाही शिकणे भाग आहे.

अशा वाहनात इंजिन, ब्रेक, डॅशबोर्ड यांचे स्वतंत्र छोटे संगणक असतात. प्रत्येक माहितीसाठी वेगळी तार ओढली, तर तारांचे जंजाळ होईल. यासाठी जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली ‘कॅन’ ही पद्धत जाहीर केली. एकमेकींत पिळलेल्या दोन तारांवर सर्व संगणक बोलतात. दोघे एकदम बोलू लागले, तर अधिक महत्त्वाचा संदेश पुढे जातो व दुसरा थांबून मग बोलतो. इंजिनाचे फेरे एकदाच मोजले जातात. तोच आकडा डॅशबोर्डला मिळतो, गिअरबॉक्सच्या संगणकाला मिळतो आणि तपासणी यंत्रालाही मिळतो.

जड वाहनांसाठी या संभाषणाचे नियम ‘एस.ए.ई. जे १९३९’ या मानकात आहेत. दोष कळविताना त्यात दोन आकडे येतात. पहिला आकडा बिघाड कशाशी संबंधित आहे ते सांगतो, तर दुसरा बिघाडाचा प्रकार सांगतो. उदाहरणार्थ, १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. १०० सोबत १ आला, तर दाब धोक्याइतका उतरल्याची ती सूचना होय. इंजिन ताबडतोब बंद करावे. परंतु १०० सोबत ४ आला, तर सेन्सरकडून येणारे व्होल्टेज कमी आहे. तार बॉडीला टेकली असेल किंवा सेन्सर बिघडला असेल. ऑइलचा दाब कदाचित ठीकही असेल. हा फरक न कळणारा मेकॅनिक ऑइल पंप बदलतो. मालकाचे पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

संभाषणच बंद पडले असेल, तर बॅटरी तोडून मल्टीमीटरने त्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून मीटरवर सुमारे ६० ओहम यावेत. १२० आले, तर एक रोधक निसटला आहे किंवा तार कुठेतरी तुटली आहे.

विद्यार्थी मित्रहो, कोड हा निकाल नव्हे. दोष कुठे शोधावा, एवढेच तो दाखवितो. गेज लावून व तार तपासून खात्री आपणच करायची असते. कारण सापडल्याशिवाय निवारण नाही, ही तथागतांची शिकवण आहे. धम्मवंदनेत आपण रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या, स्वतः पाहा, मगच स्वीकारा, हा त्याचा अर्थ. गॅरेजमध्येही हीच दृष्टी ठेवावी.

जय भीम! नमो बुद्धाय!