मनीप्लांट म्हातारा झालाय? घ्या कात्री!

तुमच्याही घरात तो असणारच. हॉलच्या खिडकीतून निघून, टीव्हीच्या मागून, पडद्याच्या दांडीवर चढलेला. कधी आणला, कुणाकडून आणला, हे आता कुणालाच आठवत नाही. किंवा आठवतं, पण सांगायचं नसतं, कारण मनीप्लांट चोरून आणलेलाच लाभतो म्हणतात ना! तुम्ही शाळेत होतात तेव्हा त्याची पानं कशी छान चितकबरी होती. आता बघा. दहा फूट नुसतं दोरीसारखं खोड, टोकाला पाच-सहा पानं, तीही बारकी आणि जवळपास हिरवीच. आई म्हणते, "झालं त्याचं वय. टाक काढून."

थांबा. काढू नका. मी एकदा अशी वेल जवळजवळ घालवली होती, म्हणून सांगतेय.

माझी वेल आजीची. पांढऱ्या शिंतोड्यांच्या पानांची, नर्सरीवाले जिला 'मार्बल क्वीन' म्हणतात ती. मी हॉस्टेलला निघाले तेव्हा आजीने अख्खी कुंडीच हातात दिली. "मला आता खाली वाकवत नाही गं, तूच सांभाळ." मग काय, मी सांभाळली. रोज पाणी! पान पिवळं पडलं की अजून पाणी. दर रविवारी आजीचा फोन, "पानात पांढरं आहे ना अजून?" आणि मी बिनधास्त सांगायचे, "आहे की!" प्रत्यक्षात पांढरं कधीच गेलं होतं. एक दिवस कुंडी उपडी केली, तर मुळं काळी, लिबलिबीत, कुजका वास. तेव्हा कळलं, तहानेनं नाही, माझ्या मायेनं ती मरत होती.

वय झालं म्हणजे काय झालं?

मनीप्लांट ही वेल मुळात पॅसिफिक महासागरातल्या मोरिया बेटावरची. तिला फुलं जवळपास येतच नाहीत. 2016 मध्ये संशोधकांनी त्याचं कारण शोधलं: फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक ती पुरेसं तयारच करत नाही. फूल नाही तर बी नाही. म्हणजे तुमच्या घरातली वेल ही कुठल्या तरी वेलीचा तुकडा, ती आणखी कुठल्या तरी वेलीचा. तोडून लावत लावतच ती जगभर पोचली. तेव्हा तिच्या बाबतीत कापणं म्हणजे मारणं नव्हे, ती तशीच पुढे जाते.

खालची पानं पिकून गळणं हे नैसर्गिक आहे. खोड उघडं पडतं ते त्यामुळे. पण त्या उघड्या खोडावरही उसासारखी पेरं असतात आणि प्रत्येक पेरापाशी एक झोपलेला डोळा. वेलीचं टोक ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली पाठवून या डोळ्यांना दाबून ठेवतं. टोक कापलं की दाब सुटतो आणि खालचे डोळे फुटायला लागतात.

पांढरं कुठे गेलं?

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतं, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही, आयतं खातो. अंधाऱ्या कोपऱ्यात हा शौक वेलीला परवडत नाही. जास्त हिरव्या फांद्या जोरात वाढतात, पांढऱ्या मागे पडतात. उपाय म्हणजे उजेड. पूर्वेची खिडक‍ी उत्तम. दुपारचं कडक ऊन मात्र नको, पांढरा भागच आधी करपतो. आणि हो, हिरवं झालेलं जुनं पान पुन्हा पांढरं होत नाही. नव्या पानांची वाट बघायची. पूर्ण हिरवी फांदी मागे जात जात, जिथे शेवटचं चितकबरं पान आहे तिथपर्यंत छाटा.

आता कामाला लागा

सध्याचे पावसाळी दिवस छाटणीला मस्त. थंडीत वेल सुस्तावते, तेव्हा नको.

कात्री स्वच्छ पुसून घ्या. पेराच्या साधारण एक सेंटिमीटर खाली कापा. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन पेरं आणि निदान एक पान हवं. नुसतं पान पाण्यात ठेवलंत तर फार तर मुळं येतील, वेल येणार नाही, कारण डोळा पेरापाशी असतो. खालचं पेर पाण्यात बुडेल असं बाटलीत ठेवा, पाणी आठवड्याला बदला. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. ती बोटभर झाली की मातीत लावा. कापताना निघणाऱ्या चिकाने काहींना खाज सुटते, तेव्हा हात धुवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर वेल उंचावर ठेवा, पानं खाल्ली तर त्यांच्या तोंडाची आग होते.

मूळ कुंडीही तपासा. तळाच्या भोकातून मुळं बाहेर आली असतील किंवा पाणी घातल्या घातल्या खाली वाहून जात असेल, तर आत माती कमी आणि मुळंच जास्त झालीयत. दोन इंच मोठी कुंडी घ्या, फार मोठी नको, ओल धरून राहते. बागेतली माती, कोकोपीट आणि गांडूळखत असं मोकळं मिश्रण करा. काळी, मऊ मुळं कापून टाका. पाण्याचा नियम एकच: बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी.

पानं लहान होत चाललीयत? वेल खाली लोंबत असेल. ही वेल चढणारी आहे. आधार मिळाला की पानं मोठी होत जातात. मुंबईत, कोकणात झाडांवर चढलेल्या याच वेलीची हातभर, फाटलेली पानं तुम्ही पाहिली असतील, फक्त ती मनीप्लांटची आहेत हे वाटलं नसेल. काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवा, सैल दोऱ्याने वेल बांधा, काठी ओलसर ठेवा. बाकीचं काम तिची हवेतली मुळं करतील.

फक्त खोलीतली हवा शुद्ध होईल या आशेवर राहू नका. 1989 च्या 'नासा'च्या अहवालावरून ते पसरलं, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. खरोखरच्या खोलीत तेवढ्यासाठी जंगलच लावावं लागेल.

आजीचा फोन

माझी कुंडी नाहीच वाचली. पण टोकाचे तीन चांगले तुकडे कापून लोणच्याच्या बरणीत ठेवले, बरणी पूर्वेच्या खिडकीत. दोन कुजले. तिसऱ्याला मुळं आली. दीड महिन्याने नवं पान उलगडलं, अर्धं दुधासारखं पांढरं. त्या रविवारी आजीला पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. व्हिडीओ कॉलवर पान दाखवलं. तिने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं गं. तू 'आहे' फार पटकन म्हणायचीस."

आता ती वेल काठीवर माझ्या खांद्याएवढी झालीय. मागच्या आठवड्यात तिचं एक टोक कुणीतरी कापून नेलेलं दिसलं. रूममेटच्या टेबलावर पाण्याची बाटली होती आणि तिच्या चेहऱ्यावर चोराचे भाव. आजीला सांगितलं तर म्हणते, "नेऊ दे. आणि तू पाहिलंस हे तिला सांगू नकोस, लाभायचं नाही तिला."